दुपारचे मेसेज

गेल्या संक्रांतीला आमच्या इमारतीत हळदीकुंकू होतं. तिथं माझं इतकं कौतुक झालं की वाण हातात पडताच मी घरी पळाले. कौतुक कशाचं, तर मी सासूबाईंना फोन शिकवला याचं. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, वय झालेलं, आणि तरी आलेले मेसेज स्वतः ऐकतात, स्वतः उत्तरं पाठवतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, "त्या नुसतं बोट फिरवतात आणि फोन बोलतो. सून असावी तर अशी." मी म्हटलं, "अहो, मी काय केलं त्यात? फोनमध्येच असतं सगळं." सगळ्यांना तो विनय वाटला. खरं तर ते अगदी खरं होतं. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा एक भाग असतो, तिथं ही सोय आधीपासून होतीच. मी ती फक्त सुरू केली. आणि सुरू केली ती सासूबाईंसाठी नाही, माझी सकाळ वाचावी म्हणून.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांना डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघतात, तेव्हा कुठं मी त्यांना जराशी दिसते. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "कान शाबूत हायेत ना, मंग झालं." कान खरोखरच तसे होते. जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडायच्या आधी कोण आलं ते सांगायच्या. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरची मुलगी, सगळ्यांची पावलं त्यांना पाठ. माझं पाऊल तर त्यांना गेटपासून कळतं, असं माझा नवरा म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

उस्मानपुऱ्यातल्या या फ्लॅटमध्ये तेव्हा आम्ही तिघंच असायचो. मुलगा शिकायला बाहेरगावी आहे. नवरा सकाळी सातच्या बसनं वाळूजला कारखान्यात जातो. मी लोकांचे टॅक्सचे कागद भरून देणाऱ्या एका ऑफिसात आहे, दहाला निघते आणि दिवे लागायच्या सुमाराला परत येते. मधला सगळा दिवस आई एकट्या. सासरे गेल्यापासून नणंद त्यांना पुण्याला बोलवत होती. नणंद बँकेत आहे, दिवसा तिला फोन उचलता येत नाही. संध्याकाळी तिचा फोन यायचा तो बैठकीत, स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत. त्यामुळे मायलेकींचं जे काही स्वतःचं बोलणं, ते मेसेजमधूनच. आणि ते मेसेज वाचणारी मी, लिहिणारीही मीच.

रोज सकाळी चहा झाला की आई फोन माझ्या हातात द्यायच्या. एकीकडे कुकर, एकीकडे डबे, आणि मध्ये मी फोन धरून वाचते आहे. मी भरभर वाचायचे. कुणाच्या नातवाच्या मुंजीचं निमंत्रण असलं की तारीख सांगून पुढं जायचे. आईंना वाटायचं वाचन म्हणजे वाचन, नीट, शेवटपर्यंत. त्या विचारायच्या, "खाली काय लिवलंय?" मी म्हणायचे, "काही नाही, नमस्कार." मला चीड लवकर येते, आणि सकाळी तर ती कपड्यांच्याही आधी अंगावर चढलेली असते.

मग उत्तरं. आई मेसेज सांगायच्या पत्रासारखा. "लिही. चिरंजीव ताईस अनेक आशीर्वाद." लेकीला त्या ताई म्हणतात. मी आशीर्वाद गाळायचे, आता कोण लिहितं असं. तिथून सुरुवात झाली. आशीर्वाद गाळला तर कुणाचं काय बिघडतं? मग एकदा त्यांनी सांगितलं, "कढी लई आंबट झाली होती काल." कढी मी केली होती. ते मी लिहिलं नाही. मग गुडघ्याचं दुखणं गाळलं, कारण ते कळलं असतं तर नणंदेनं संध्याकाळी फोन करून "दाखवलं का डॉक्टरला?" असं मलाच विचारलं असतं. आई शेवटी म्हणायच्या, "वाचून दाव एकदा." आणि मी त्यांनी सांगितलेलं सगळं, कढीसकट, गुडघ्यासकट, वाचून दाखवायचे. पडद्यावर नसलेलं वाचून दाखवायला मला जराही अडखळायला व्हायचं नाही, इतकी मी त्यात तयार झाले होते.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण आमच्यासारख्या घरांत वाढलेल्या बायकांना कळेल. घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मला लग्नाआधीच शिकवलं होतं, आणि नणंद कितीही गोड असली तरी ती या हिशेबात बाहेरची. नणंदेला कळलेलं मावससासूंना कळतं, तिथून गुलमंडीवरच्या चुलत घरात पोचतं, आणि पुढच्या लग्नात कुणीतरी आपल्याला अक्षतांच्या गर्दीतून बाजूला घेऊन विचारतं, "काय गं, सासूबाई म्हणे दिवसभर एकट्याच असतात?" मला त्या प्रश्नाची भीती होती. म्हणून आईंनी एके दिवशी सांगितलं, "दुपारचं करमत नाय," तेव्हा ते वाक्य माझ्या बोटांनी आपणहूनच सोडून दिलं. त्याच्या जागी मी लिहिलं, "इकडे सगळं छान आहे. काळजी करू नकोस." आणि वाचून दाखवताना म्हटलं, "दुपारचं करमत नाही." आई म्हणाल्या, "हां. पाठव."

त्याच्याही पुढं मी गेले. दिवाळीच्या आधी नणंदेचा मेसेज आला, "आई, दिवाळी झाली की माझ्याकडे राहायला ये. कायमची म्हटलं तरी चालेल." हे मात्र मी नीट वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "लिही, बघू. उन्हाळ्यात सांगते." मी लिहिलं, "मला इथंच बरं आहे." त्या गेल्या असत्या तर मला मोकळं वाटलं असतं, हे मी नाकारत नाही. पण सुनेला सांभाळवलं नाही म्हणून गेल्या, असं म्हटलं गेलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. नणंदेचं उत्तर आलं, "बरं आई. मग मी आग्रह करणार नाही." ते मी वाचून दाखवलंच नाही. त्यानंतर आई अधूनमधून विचारायच्या, "ताईनं काय लिवलं का, यायचं-जायचं?" मी म्हणायचे, "नाही." ते खरंच होतं. आता ती कशाला विचारेल?

दिवाळीनंतर ऑफिसात काम वाढलं आणि सकाळचं वाचन मला नकोसं झालं. मोबाईलच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की न दिसणाऱ्यांसाठी फोन स्वतःच बोलतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मी एका रविवारी ते सुरू केलं. पहिले दोन-तीन दिवस आमची दोघींची तारांबळ उडाली. ती सोय सुरू असली की बोट लावलं तिथं काय आहे ते फोन बोलतो, आणि उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारावी लागते. आईंची टिचकी दार ठोठावल्यासारखी पडायची. फोनातल्या बाईचा आवाज स्वच्छ, कोरडा, एका सुरातला. आईंनी ऐकताक्षणी निर्णय दिला, "ही पुण्याची दिसती." पहाटे कुणीतरी फुलांचा मेसेज पाठवायचं, तर ती बाई "गुलाब गुलाब गुलाब गुलाब" असं म्हणत राहायची आणि आई वैतागून म्हणायच्या, "थांब बाई, कळलं." एका निधनाच्या बातमीखाली नातेवाइकांनी हात जोडले होते, ते तिनं "जोडलेले हात, जोडलेले हात" असं इतक्या वेळा वाचलं की आई गंभीर चेहऱ्यानं ऐकताऐकता मध्येच हसू दाबायला लागल्या. मग मीही हसले. ते दिवस बरे होते.

आई हट्टी आहेत. संक्रांतीपर्यंत त्यांना सगळं यायला लागलं. मायक्रोफोनवर टिचकी मारून तोंडी मेसेज सांगायचा, तो लिहिला जातो, मग बोट लावून ऐकायचा, मग पाठवायचा. तोंडी सांगताना त्या अगदी हळू बोलायच्या, फोन ओठांजवळ धरून. मात्र फोन जे परत वाचायचा ते मोठ्यानं, घरभर. माझी सकाळ सुटली. चहा निवांत व्हायला लागला. आणि लोक माझं कौतुक करायला लागले.

एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. जुने मेसेज फोनमध्ये तसेच पडून असतात. माझ्या लेखी ते पाठवले म्हणजे गेले, पत्रपेटीत टाकलेल्या पत्रासारखे. बोट वर सरकवत गेलं की फोन एकेक जुना मेसेज वाचत जातो, हे मीच आईंना शिकवलं होतं. त्या बोटाला तिथं काय सापडेल, याचा विचार मी केला नव्हता.

फाल्गुनात आमच्याकडे पाणी यायचा दिवस होता. नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही, त्या दिवशी दुपारी येणार असं कळलं होतं, म्हणून मी अर्धी सुट्टी टाकून घरी आले. आई झोपल्या असतील म्हणून किल्लीनं दार उघडलं. चपला हातात घेतल्या. त्यांच्या खोलीतून फोनातल्या बाईचा आवाज येत होता. "इकडे सगळं छान आहे. काळजी करू नकोस." मग परत तेच. मग टिचक्या, सरकणं, आणि, "मला इथंच बरं आहे." आई म्हणाल्या, "थांब." पुन्हा बोट लावलं. "मला इथंच बरं आहे." मग नणंदेचं, "बरं आई. मग मी आग्रह करणार नाही." हे फोनातल्या बाईनं "गुलाब गुलाब" म्हणायच्या त्याच आवाजात वाचलं.

मी बैठकीत चपला हातात घेऊन उभी होते. आत जाऊन काही बोलावं, असं वाटलं. काय बोलणार होते? आईंनी तो मेसेज आणखी एकदा लावला. मी दार हळूच ओढून बाहेर पडले, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, परत चढले आणि बेल वाजवली. आईंनी भिंतीला हात लावत येऊन दार उघडलं. "आलीस? नळाला सूं सूं आवाज येतोय बघ," म्हणाल्या आणि माझ्या कानाच्या पलीकडे बघत राहिल्या. मी टाक्या भरल्या, हंडे भरले, बादल्या भरल्या. भरून झाल्यावरही उगाच पातेली भरत बसले.

त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज तयारीनं उठायचे. विचारलं तर सांगायचं की घाई होती, चुकून झालं असेल, की खरं सांगायचं? त्यांनी विचारलंच नाही. जेवायला वाढलं की "बस झालं" म्हणायच्या, भाजीला नावं ठेवायच्या तितकीच ठेवायच्या. रागावल्या असत्या तर मीही भांडले असते, मला भांडता येतं. त्यांच्या न बोलण्याशी कसं भांडायचं ते मला कळेना. त्या लेकीला आता काय लिहीत असतील, हा किडा मात्र डोक्यात शिरला. माझ्याबद्दल काय लिहितात? जाणार आहेत का? माझ्यामुळे जाणार आहेत का?

म्हणून मी दाराशी उभी राहायला लागले. हे लिहितानाही कानशिलं तापतात. उन्हाळा लागला होता. रविवारी जेवणं झाली, नवरा आडवा झाला, की आई आपल्या खोलीत जायच्या आणि कूलर बंद करायच्या. त्याच्या घरघरीत फोनला त्यांचं बोलणं नीट कळत नसेल, असं मला वाटायचं, आणि मला ते सोयीचंच होतं. मी अनवाणी यायचे, बांगड्या हातानं दाबून धरायचे. आतून आईंची कुजबुज कळायची नाही, पण थोड्याच वेळात ती बाई सगळं स्वच्छ वाचायची. पहिल्याच रविवारी तिनं वाचलं, "चिरंजीव ताईस अनेक आशीर्वाद. सून लई चांगलं बघते. तिच्या जिवाला कामाचा लई भार हाय. तिचं काय चुकत नाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाटलं, माफ केलं. इतकं सगळं ऐकूनही या बाईनं माझ्याबद्दल असं लिहावं, माझ्या पाठीमागं. मग मला त्याची चटकच लागली. दर रविवारी मी दाराशी. दर रविवारी माझी स्तुती. सुनेनं थालीपीठ केलं, सुनेनं पाय चेपले, सुनेनं औषध वेळेवर दिलं. मी खूश होऊन माघारी फिरायचे आणि संध्याकाळी खरंच थालीपीठ लावायचे.

फोन शिकवताना मला दोन गोष्टी माहीत झाल्या होत्या. एक म्हणजे, फोन बोलत असताना पडदा काळा ठेवता येतो, शेजारच्याला काही वाचता येत नाही. आणि दुसरी तर लहान पोरालाही माहीत असते, कानात इअरफोन घातला की आवाज बाहेर येत नाही. मुलाचा जुना इअरफोन टीव्हीखालच्या खणात पडला होता. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही हे खरं. पण फाल्गुनानंतर लक्षात होतं. रोज लक्षात होतं. वायर गुंतेल, आईंचा कान दुखेल, त्यांना सवय नाही, अशी कारणं मी स्वतःला द्यायचे. फोन शिकवल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मध्यस्थीशिवाय लेकीशी बोलता यायला लागलं होतं. आणि तिथंही मीच मध्ये उभी होते.

वैशाखात नणंद आली. चार दिवस सुट्टी काढून आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात आमरस करत होतो. आई बाहेर नातवाशी, म्हणजे माझ्या मुलाशी, फोनवर बोलत होत्या. नणंद कोय पिळत म्हणाली, "वहिनी, एक विचारू? राग नको मानूस."

"विचार ना."

"आईचे मेसेज दोन तऱ्हेचे येतात. एरवीच्या दुपारचे वेगळे, रविवारचे वेगळे. दुपारचे वाचले की आई बोलतेय असं वाटतं. रविवारचे वाचले की वाटतं, कुणीतरी समोर बसलंय आणि आई त्याच्यासाठी बोलतेय." ती माझ्याकडे वळली. "तू सांगतेस का तिला, असं लिहा म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "मी काहीच सांगत नाही."

"मग कमालच आहे," ती म्हणाली आणि पुढचा आंबा घेतला. दुपारच्या मेसेजमध्ये काय असतं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तेवढं तरी मला न विचारता राहवलं. पण हात थांबले होते माझे. रविवारी बंद होणारा कूलर मला आठवला. त्याच्या घरघरीत फोनला ऐकू येत नसेल, असं मी समजत होते. कूलर चालू असता तर त्यांनाच माझं पाऊल ऐकू आलं नसतं. एवढे रविवार त्या मला दाराशी उभी असलेली ऐकत होत्या, आणि मला जे ऐकायचं होतं तेच लिहीत होत्या. माझ्या मनासारखं लिहायची सवय मीच त्यांना लावली होती.

संध्याकाळी नणंद आणि नवरा बाहेर गेले तेव्हा मी खणातून इअरफोन काढला, पुसला, आणि आईंच्या खोलीत गेले. पायातली चप्पल मुद्दाम वाजवत गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, हे कानात घालायचं. म्हणजे फोनचं बोलणं तुम्हालाच ऐकू येईल, बाहेर कुणाला येणार नाही. आणि हे बघा, फोनात हे सुरू केलं की पडदा काळा राहतो. कुणी डोकावलं तरी काही दिसत नाही." माझा आवाज जरा जास्तच कामाचा झाला होता, ऑफिसातल्यासारखा. "हे मी आधीच द्यायला हवं होतं."

त्यांनी वायर बोटांनी चाचपली. दोन टोकं वेगळी केली. एक उजव्या कानात घातलं, दुसरं खाली, मांडीवर सोडून दिलं. मी म्हटलं, "आई, दोन्ही घाला. चांगलं ऐकू येतं."

"एकच बास," त्या म्हणाल्या. "दुसरा मोकळा राहू दे. तू दाराशी येऊन उभी ऱ्हातीस, ते कळाय नको का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कढी आंबट झाली म्हणताना असायचा तोच आवाज होता. मला बसायला जागा असूनही मी उभीच राहिले. माफ करा असं म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना, कारण ते म्हटलं की त्या लगेच "जाऊ दे" म्हणणार आणि माझीच सुटका होणार, हे मला माहीत होतं. त्याच पुढं बोलल्या, "ताईनं यंदा परत इचारलं. म्या इचारायला लावलं तिला. जाऊन येते म्हणलं."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते आता कसं सांगू?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या कानापलीकडे बघत हसल्या. "तू काय लिवून टाकू नको मधेच."

दोन दिवसांनी त्या नणंदेबरोबर पुण्याला गेल्या. बॅग मी भरली. औषधं, चष्म्याची डबी, गुलमंडीवरून आणलेल्या दोन मऊ सुती साड्या, चार्जर. इअरफोन त्यांनी स्वतःच गुंडाळून पर्समध्ये ठेवला. खाली उतरताना जिन्यात त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. खालच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "सुनेला सोडून चाललात? करमेल का तुम्हाला?" आई म्हणाल्या, "बघू की." गाडी गेल्यावर काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार केलंस हो त्यांचं." त्या आणखी काही म्हणायच्या आत मी जिना चढले.

त्यांच्या खोलीतला कूलर मी झाकून ठेवला. रविवारी दुपारी घर एकदम गप्प असतं. फोनातल्या त्या कोरड्या आवाजाच्या बाईचीही सवय झाली होती, असं लक्षात आलं. सकाळी माझा चहा निवांत होतो. याच्यासाठी एवढा खटाटोप केला होता, आणि आता तो चहा गार होतो तरी मी कप धरून बसलेली असते.

मागच्या आठवड्यात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. त्यांनी मला पाठवलेला हा पहिलाच मेसेज. एका घरात राहणाऱ्या माणसांना मेसेज कशाला लागतो? फोननं त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. "चिरंजीव सूनबाईस अनेक आशीर्वाद. ताई सकाळी बँकेत जाती. घर मोठं हाय. दुपारचं करमत नाय."

मी डबा बाजूला सारला. तेच वाक्य. मी जे कधी कुणापर्यंत पोचू दिलं नव्हतं, ते सरळ माझ्याकडेच आलं होतं. त्यात टोचणी होती, की खरंच त्यांना तिथं करमत नव्हतं, की मी एकदा तरी ते वाक्य नीट वाचावं असं त्यांना वाटलं होतं, हे मला अजूनही कळलेलं नाही. त्यांच्या आवाजात ऐकलं असतं तर कळलं असतं. मी एक लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात माझी बाजू होती, कारणं होती, ऑफिस होतं. ते सगळं पुसलं. मग लिहिलं, "आई, मलाही करमत नाही. तुम्हाला घ्यायला येऊ का?" पाठवायच्या आधी वाचून बघितलं. पडद्यावर जे होतं तेच वाचलं.

फोनातली ती पुण्याची बाई माझे शब्द त्यांच्या एका कानात कसे वाचत असेल, याचा विचार करत मी बसून राहिले. सुट्टी संपली, टेबलावर फायली आल्या. चारच्या चहाला उत्तर आलं.

"बघू. दसऱ्याला सांगते."

दिवाळीआधी त्यांनी लेकीला असंच काहीतरी सांगितलं होतं आणि मी त्याचं भलतंच करून टाकलं होतं. आता मला त्यातलं काही बदलता येत नाही. नवऱ्यानं संध्याकाळी विचारलं, "आई काय म्हणाली, येणार का?" मी त्याला फोन दाखवला नाही, मेसेज वाचून दाखवला, जेवढा होता तेवढाच. दसऱ्याला अजून वेळ आहे.